दिसलं तेवढंच

कोर्टाच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक भेटीची खोली होती. वेगळ्या झालेल्या नवराबायकोंची मुलं तिथे आईला किंवा बापाला भेटायला यायची. ज्याच्याकडे ती राहत नसत, त्याला. खोलीत दोन मोठ्या खुर्च्या, एक छोटी खुर्ची, एक बुटकं टेबल, खेळण्यांची टोपली आणि भिंतीवर घड्याळ. कोपऱ्यात आणखी एक खुर्ची होती, ती बाईंची. बाई मांडीवर पॅड घेऊन तिथे बसत आणि तासभर जे दिसेल, ऐकू येईल ते लिहून काढत. हुद्दा होता 'भेट निरीक्षक', पण ऑफिसात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

एकोणीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. मुलं त्यांना कधी शिक्षिका समजत, कधी डॉक्टरीण. एका पोराने तर विचारलं होतं, "तुम्हाला शिक्षा म्हणून कोपऱ्यात बसवलंय का?" बाईंना हसू आलं होतं. मग ते वाक्यही त्यांनी लिहून घेतलं होतं, कारण ते ऐकू आलं होतं.

फॉर्मवर दोन रकाने असत. डावीकडे 'निरीक्षण', उजवीकडे 'अभिप्राय'. उजवा रकाना बाई कोरा सोडत. सुरुवातीला तसं नव्हतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी एका आईबद्दल उजव्या रकान्यात लिहिलं होतं, 'आई मायाळू वाटते.' पुढच्या भेटीला ती मायाळू आई आलीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मूल छोट्या खुर्चीत बसून दाराकडे बघत राहिलं. पुढे बाईंना साक्षीला उभं केलं, तेव्हा वकिलाने तो कागद हवेत धरून विचारलं, "'वाटते' म्हणजे काय हो बाई? तुम्ही मनकवड्या आहात का?" सगळं कोर्ट हसलं. खाली आल्यावर ऑफिसातल्या साहेबांनी बाईंना समजावलं, "हे बघा, डोळ्यांना दिसलं ते लिहा, कानांनी ऐकलं ते लिहा. मनाला वाटलं ते घरी घेऊन जा."

तेव्हापासून बाईंनी 'वाटलं' हा शब्द कागदावर येऊ दिला नाही. 'मूल रागावलं' असं त्या लिहीत नसत. 'मुलाने चेंडू दोनदा भिंतीवर आपटला' असं लिहीत. वकील दोन्ही बाजूंचे असोत, त्यांच्या नोंदीला कुणी बोट लावू शकत नसे. साहेब नव्या मुलींना सांगत, "निरीक्षण कसं लिहायचं ते बाईंच्या फाइली वाचून शिका." बाईंना याचा अभिमान होता. तो त्या दाखवत नसत, पण होता.

घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. धाकटी लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "ताई, जेवताना तरी माझ्याकडे तसं बघू नकोस गं. किती घास खाल्ले ते लिहिणारेस का?" मागे धाकटीला चक्कर आली म्हणून दवाखान्यात दोन दिवस निरीक्षणाखाली ठेवलं होतं. ती घरी आल्या आल्या म्हणाली, "निरीक्षणाखाली म्हणे! दोन दिवसांत एक माणूस बघायला फिरकला नाही. तुझ्यासारखी एखादी कोपऱ्यात बसवली असती तर निदान सोबत तरी झाली असती." बाई खूप वेळ हसत होत्या.

त्याच वर्षी लिफ्टवाल्याची केस आली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पस्तिशीचा, अंगाने रोड, नखांच्या कडांना कधीच न निघणारं काळं ग्रीस. त्याची मुलगी सहा वर्षांची. कागदावर तिचं नाव वेगळं होतं, पण तो तिला भिंगरी म्हणायचा. एका जागी टिकत नाही आणि तोंड बंद ठेवत नाही म्हणून भिंगरी. नवराबायको वेगळे झाले तेव्हा मुलगी आईकडे राहिली. आई एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. आधी दर रविवारी बाप तिला घेऊन जायचा आणि संध्याकाळी आणून सोडायचा. एका रविवारी त्याने आणून सोडलं नाही. फोन बंद ठेवून तो तिला आपल्या आईकडे घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी परत आणलं. मुलीला काही झालं नव्हतं, ती मजेत होती. पण त्या दोन रात्रींत तिच्या आईचं काय झालं असेल, ते तिलाच ठाऊक. ती कोर्टात गेली. कोर्टाने सांगितलं, यापुढे चार भेटी निरीक्षकासमोर होतील, मग अहवाल बघून पुढचं ठरवू.

पहिल्या भेटीला लिफ्टवाला वीस मिनिटं आधी आला. स्वच्छ धुतलेला शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले. बाईंनी त्याला नियम वाचून दाखवले. आरडाओरडा नको. मुलाला जबरदस्ती नको. केसबद्दल बोलायचं नाही. त्याने प्रत्येक नियमाला मान डोलावली. मग हळूच विचारलं, "मी तिला उचलून घेतलं तर चालेल का?"

"मूल स्वतःहून आलं तर चालेल," बाई म्हणाल्या. "तुम्ही ओढायचं नाही."

"नाही, नाही. वकीलसाहेब पण तेच म्हणाले. जागेवरून हलू नकोस म्हणाले, सगळं लिहिलं जातं."

तीन वाजता आईने भिंगरीला दारातून आत सोडलं आणि ती बाहेर थांबली. भिंगरीने बापाला बघितलं, बाईंना बघितलं, आणि दाराजवळच्या छोट्या खुर्चीत जाऊन बसली. गुडघे जुळवलेले, हात मांडीवर.

"भिंगरे," बाप म्हणाला.

"बाबा, माझा दात पडला," ती म्हणाली.

बाईंनी लिहिलं: ३.०२. मूल: 'बाबा, माझा दात पडला.' त्यांनी मान वर केली तेव्हा भिंगरी त्यांच्या पेनाकडे बघत होती.

त्यानंतर ती त्या तासात स्वतःहून काही बोलली नाही. बापाने विचारलं, कुठला दात, दाखव बघू. तिने ओठ मिटून घेतले. शाळेत काय शिकवलं? 'काही नाही.' मैत्रीण कोण? खांदे उडवले. त्याने पिशवीतून लाकडाची छोटी लिफ्ट काढली. स्वतः केलेली, दोरी ओढली की डबा वर जाणारी. ती टेबलावर ठेवली, दोनदा वर खाली करून दाखवली. भिंगरी बघत राहिली. हात लावला नाही. चार वाजले, आई दारात आली, मुलगी उठली आणि गेली. बापाने लिफ्ट पुन्हा पिशवीत घातली. पिशवीची गाठ मारायला त्याला बराच वेळ लागला.

दुसरी भेट तशीच. तिसरीही तशीच. लिफ्टवाला आपल्या खुर्चीतून हलला नाही, कारण हलायचं नाही असं त्याला सांगितलेलं. तो तिथूनच गोष्टी सांगायचा, विनोद करायचा, आणि उत्तर आलं नाही की घड्याळाकडे बघायचा. बाई लिहीत गेल्या. 'मूल वडिलांजवळ गेले नाही. वडिलांनी आणलेल्या वस्तूला स्पर्श केला नाही. प्रश्नांना उत्तर एका शब्दात किंवा नाही. भेटीच्या शेवटी निरोप घेतला नाही.' एक अक्षर खोटं नव्हतं.

तिसऱ्या भेटीला एक गोष्ट झाली. चार वाजले. वेळ संपली म्हणून त्या दिवशी बाप आधी बाहेर पडला आणि जिन्याने खाली गेला. आईला यायला दोनचार मिनिटं उशीर होता. बाईंनी पेनाला टोपण लावलं, पॅड बंद केलं. भिंगरी छोट्या खुर्चीतून उतरली, खोली ओलांडून बाप बसला होता त्या मोठ्या खुर्चीपाशी गेली, तिच्यावर चढली आणि खुर्चीच्या पाठीला पाठ टेकून बसली. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तिने आपले तळवे ठेवले. डोळे मिटून घेतले. बाहेर आईच्या चपलांचा आवाज आला, तशी टुणकन उडी मारून छोट्या खुर्चीत जाऊन बसली.

बाईंनी हे बघितलं. पॅड मांडीवरच होतं. फॉर्मवर छापलेलं होतं, 'भेटीची वेळ: तीन ते चार', आणि घड्याळात चार वाजून तीन मिनिटं झाली होती. शिवाय यात लिहिणार काय? मूल खुर्चीत बसले. मुलं खुर्चीत बसतातच. त्याहून जास्त लिहायचं तर 'वाटलं' लिहावं लागलं असतं. बाई उठल्या, दिवा बंद केला.

त्या दिवशी घरी त्यांनी धाकटीला ते सांगितलं. धाकटी शर्टाची कॉलर दुमडत होती, ती थांबली. "आणि तू लिहिलं नाहीस?"

"वेळ संपली होती."

"ताई, तुझं पण ना!" धाकटी म्हणाली आणि पुढे बोलली नाही. ती बोलली नाही हेच बाईंना टोचत राहिलं.

चौथी भेट झाली, अहवाल गेला. महिनाभराने निकालाची प्रत फाइलला लावायला आली. बाईंनी ती उभ्या उभ्याच वाचली. निम्मं पान त्यांच्याच नोंदींचं होतं. मग पुढे ओळ होती: 'सबब न्यायालय असे निरीक्षण नोंदवते की, सदर मुलीस वडिलांविषयी ओढ असल्याचे दिसून येत नाही.' म्हणून भेटी तूर्त बंद. पुढे कधी परिस्थिती बदलली तर वडिलांनी पुन्हा अर्ज करावा.

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. शब्द त्यांचाच होता, निरीक्षण. पण त्यांनी लिहिलं होतं की मुलगी बापाजवळ गेली नाही. ओढ नाही असं त्यांनी कुठे लिहिलं होतं? शाळेत विज्ञानाच्या वहीत आधी निरीक्षण लिहायचं आणि त्याखाली अनुमान; दोन्हींच्या मधे पट्टीने रेघ मारायची. रेघ विसरली की गुरुजी छडी दाखवायचे. इथे कुणीतरी ती रेघच पुसून टाकली होती. त्या साहेबांकडे प्रत घेऊन गेल्या.

"कोर्टाचं निरीक्षण आणि तुमचं निरीक्षण यात फरक असतो बाई," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "तुम्ही बघता ते निरीक्षण. कोर्ट म्हणतं तेही निरीक्षण. शब्द एकच, वजन वेगळं. तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमच्या कामात काही खोट निघालेली नाही."

खोट निघाली नव्हती, हे खरंच होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी भिंगरीची आई शेवटच्या कागदांवर सही करायला आली. मुलीला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून तिला बरोबर आणलं होतं. आई क्लार्कच्या टेबलापाशी रांगेत उभी राहिली, भिंगरी बाहेर बाकावर बसली. बाई तिथून जात होत्या. भिंगरीने त्यांना ओळखलं आणि एकदम ताठ बसली. गुडघे जुळवले, हात मांडीवर ठेवले.

बाईंच्या हातात पॅड नव्हतं. त्या तिच्या शेजारी बसल्या.

"आज नाही लिहिणार?" भिंगरीने विचारलं.

"आज नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने श्वास सोडला. पाय हलायला लागले. मग ती जी बोलत सुटली, ती थांबेना. नवा दात येतोय, तो वाकडा येतोय, आई म्हणते सरळ होईल, आई दातांच्या दवाखान्यात आहे म्हणून तिला कळतं, आम्ही मामाकडे राहायला जाणार, विमानाने, आणि तिथे पोहायचा तलाव आहे. आणि मग तिने विचारलं, "मी शहाण्यासारखी बसले होते ना?"

"कधी?"

"बाबा यायचा तेव्हा. चारही वेळा. मी एकदा पण उठले नाही. लिफ्टला हात पण नाही लावला. मला इतका लावावासा वाटत होता!" तिने दोन्ही हात मुठी करून छातीशी धरले. "मग बाबाला का नाही येऊ देत?"

बाई तिच्याकडे वळल्या. "तुला कुणी सांगितलं होतं असं बसायला?"

"बाबानेच. फोनवर. तो म्हणाला, तिथे एक बाई असते, ती सगळं लिहिते. नाचायचं नाही, अंगावर उड्या मारायच्या नाहीत, शहाण्यासारखं बसायचं. मग ते आपल्याला पुन्हा घरी जाऊ देतील." ती जरा थांबली. "पहिल्यांदा मी बोलले होते, दाताचं. तर तुम्ही लगेच लिहिलंत. मला वाटलं, चुकलं. मग मी बोललेच नाही."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एकोणीस वर्षांत त्यांनी खोलीतल्या कुठल्याही मुलाला हात लावला नव्हता. "तू फार शहाण्यासारखी बसलीस," त्या म्हणाल्या. "तुझं काही चुकलं नाही. एवढंही नाही."

"मग?"

तेवढ्यात आई बाहेर आली. बाईंनी तिला बाजूला घेतलं आणि जे ऐकलं ते सांगितलं. जसंच्या तसं, मुलीच्याच शब्दांत. आईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कठीण झाला.

"तुम्हीच लिहिलं होतं ना ते?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "ते वाचून मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. मला वाटलं, चला, मी तिला तोडत नाहीये, तिलाच तो नकोय. त्यावर मी भावाला होकार कळवला. तिथे नोकरी बघितली, तिची शाळा बघितली. तिला तिकडे न्यायच्या संमतीवर तिच्या बापाने पण सही केली, मुकाट्याने. आता आठ दिवसांवर निघायचंय आणि तुम्ही मला हे सांगताय? कशासाठी?"

"खरं आहे म्हणून."

"आधीचं पण खरंच होतं की." तिने डोळे पुसले. "ती दोन रात्री कुठे होती ते मला माहीत नव्हतं, बाई. पुन्हा तसं नाही जमणार मला. मी वाईट नाहीये. पण नाही जमणार." आणि भिंगरीचा हात धरून ती जिना उतरून गेली. भिंगरी वळून वळून बाईंकडे बघत होती.

बाईंनी त्याच दिवशी पुरवणी टिपण लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. "हे कुठल्या भेटीचं निरीक्षण? बाकावरच्या गप्पांचं? निकाल लागलाय, बाई. आता अर्ज करायचा तर बापाने करायचा."

"बापाला कळणार कसं?"

"ते आपलं काम नाही. आणि पक्षकाराला खाजगीत भेटायचं नाही, हा नियम तुम्हीच नव्या मुलींना शिकवता."

बाईंनी तो नियम एकोणीस वर्षं पाळला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तो मोडला.

लिफ्टवाला एका सातमजली इमारतीत सापडला. तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लटकत होती. बाई जिना चढून थेट वर, मशीनच्या खोलीपर्यंत गेल्या. तो पाना हातात धरून वाकलेला होता. बाईंना बघून सरळ झाला आणि सवयीने हात पँटला पुसले.

"आता काय राहिलं?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "सही तर केली मी."

"का केलीत?"

"तुम्ही लिहिलेलं वाचलं. वकिलाने सगळं वाचून दाखवलं. मी खोलीत होतो तेव्हा मनाची समजूत घालत होतो, लाजत असेल, रुसली असेल. पण तुम्ही लिहिलेलं ऐकलं ना एका मागोमाग एक, गेली नाही, बोलली नाही, हात लावला नाही... मग म्हटलं, तिसऱ्या माणसाला इतकं स्पष्ट दिसतंय, मीच कशाला आंधळा राहू? पोरगी विसरली आपल्याला. मग तिला कशाला अडकवायचं? जाऊ दे, सुखात राहील."

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. तो पण दोन पायऱ्या सोडून बसला. त्यांनी सांगायला सुरुवात केली. फोनवर त्याने काय सांगितलं होतं ते आठवतंय का?

"कधी?" त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "पहिल्या भेटीच्या आधी केला होता एक फोन. काय बोलणार, म्हटलं शहाण्यासारखी..." तो थांबला. पाना त्याच्या हातातून पायरीवर ठेवला गेला, आवाज न करता. "शहाण्यासारखी बस म्हटलं."

"ती बसली," बाई म्हणाल्या.

मग तो हसला. हसतच होता, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात वर केला तर गालभर ग्रीस लागलं. "सहा वर्षं झाली बाई, त्या कार्टीने माझं एक अक्षर ऐकलं नव्हतं. जेव म्हटलं तर पळायची, झोप म्हटलं तर नाचायची. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं. ते पण असं."

बाईंनी मग त्याला सगळं सांगितलं, जे कागदावर नव्हतं तेही. तो गोष्ट सांगताना तिच्या पायाचा अंगठा चपलेत कसा हलायचा. लिफ्टची दोरी ओढली की तिची हनुवटी डब्याबरोबर वर जायची. त्याच्या विनोदावर ती ओठ दाताखाली धरायची. आणि तिसऱ्या भेटीनंतर ती त्याच्या खुर्चीत बसली होती ते. 'वाटलं' असं त्यांना एकदाही म्हणावं लागलं नाही. हे सगळं दिसलेलंच होतं.

"हे का नाही लिहिलंत?" त्याने विचारलं.

बाईंकडे उत्तर तयार होतं, वेळ, नियम, रकाना. त्यांनी त्यातलं एकही दिलं नाही. "नाही लिहिलं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

त्याने मान हलवली, जणू हेही त्याला ऐकून घ्यायचंच होतं. मग उठला, पाना उचलला. "सातव्या मजल्यावर एक आजी आहेत, चार दिवस खाली उतरल्या नाहीत," तो म्हणाला आणि मशीनपाशी गेला.

त्याने अर्ज केला, पण तो कोर्टासमोर येईपर्यंत विमान गेलं होतं. अर्जाला तारखा पडत गेल्या. बाईंना साक्षीला बोलावलं. आईच्या बाजूचा वकील तरुण होता, नम्र होता. "बाई, तुम्ही पक्षकाराला त्याच्या कामाच्या जागी जाऊन भेटलात?" हो. "मग चार भेटींत तुम्ही लिहिलंत ते खोटं, की आता सांगताय ते खोटं?"

"दोन्ही खरं आहे."

"दोन्ही खरं कसं असेल?"

बाईंनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. जसजशा बोलत गेल्या तसतसं सगळं विस्कटत गेलं. या वेळी कोर्टात कुणी हसलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांची बदली तळमजल्यावर, जुन्या फाइलींच्या खोलीत झाली. साहेबांनी निरोप देताना डोळे वर केले नाहीत.

धाकटी त्या दिवसांत घरी लवकर यायची. एकदाच म्हणाली, "ताई, तू गेलीस त्याच्याकडे, ते बरं केलंस." बाई म्हणाल्या, "उशिरा गेले गं." धाकटीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, इस्त्रीने कायमचा गरम झालेला, आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

पावणेदोन वर्षांनी कोर्टाने एक भेट मंजूर केली. आई सुट्टीत इकडे येणार होती, तेव्हा एक तास, निरीक्षकासमोर. कोपऱ्यातल्या खुर्चीत आता एक नवी मुलगी बसायची. बाईंना वर जायची परवानगी नव्हती. त्या जिन्याच्या तळाशी, फाइलींच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. भिंगरी आईबरोबर आत आली तेव्हा त्यांना पटकन ओळखू आली नाही. उंच झाली होती, केस आखूड कापले होते. बाईंच्या समोरून गेली. तिने बाईंना ओळखलं नाही.

चार वाजता लिफ्टवाला खाली उतरला. त्याने बाईंना बघितलं आणि शेवटच्या पायरीवर थांबला.

"बोलली का?" बाईंनी विचारलं.

"खूप बोलली." तो कठड्याला धरून उभा होता. "अगदी न थांबता. शाळा, मैत्रिणी, पोहायला शिकली ते. धीट झालीय. बाजूच्याच खुर्चीत येऊन बसली. मी आणलेलं चित्रांचं पुस्तक लगेच उघडून बघितलं, थँक्यू म्हणाली." त्याने कठडा सोडला. "आधी मला 'ए बाबा, तू' म्हणायची. आज म्हणाली, 'तुम्ही इथेच राहता का?' 'तुम्ही' म्हणाली मला, बाई. एखाद्या काकांना म्हणावं तसं. छान, गोड बोलली."

बाईंनी त्याचा हात धरला. तो धरू दिला त्याने, जरा वेळ. मग म्हणाला, "चलतो. काम आहे," आणि फाटकातून बाहेर पडला. गर्दीत त्याची पाठ बराच वेळ दिसत होती.

साडेपाचला वरून नवा अहवाल फाइलला लावायला आला. कोपऱ्यातल्या त्या नव्या मुलीचं अक्षर सुरेख होतं. 'मूल वडिलांशी मोकळेपणाने बोलले. वडिलांच्या शेजारी बसले. दिलेली भेटवस्तू आनंदाने स्वीकारली. भेट अत्यंत समाधानकारक.' उजवा रकाना कोरा होता. बाईंनी तो कागद भोक पाडून दोऱ्यात ओवला, फाइल बंद केली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून खोली बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसून राहिल्या.